पाटी कोणी काढली

तर आपली मॉपवाली! हातात बादली, गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, आणि सकाळपासून एक मॉप खपेल तर शपथ. त्या गल्लीत दारोदार एकच चिकटवलेली पाटी: ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये.’ नियम एकदम कडक. पाटी असूनही बेल वाजवली आणि कुणी तक्रार केली, तर परवाना गेलाच म्हणून समजा.

शेवटच्या दारावरच्या पाटीचा एक कोपरा सुटला होता. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, नख घातलं, सर्रकन ओढली, कॅटलॉगमध्ये सरकवली आणि बेल दाबली! दार उघडलं एका आजींनी. इतक्या खूश, की मॉप तर घेतलाच, वर तिला बसवून पाणी दिलं.

आठवडाभर ती पाटी कॅटलॉगमध्ये नाही, मनात टोचत होती. शेवटी ठरवलं, जादा फडकं द्यायच्या निमित्ताने जायचं आणि निघताना पाटी गुपचूप लावून टाकायची.

आजींनी दार उघडलं, चेहरा एवढासा. मागे दोन भरलेल्या बॅगा.

"गावाला निघालात, आजी?"

"मुलाकडे. कायमची. अगं, दारावरची पाटी मीच काढली म्हणे, आणि मला आठवतच नाही! घरभर शोधली. तो म्हणतो, आई, आज पाटी विसरलीस, उद्या गॅस विसरशील. खरंच असेल गं. डोकं कामातून गेलं माझं."

मॉपवालीचा बेतच फसला. आता पाटी गुपचूप लावली, तर आजी म्हणणार, लावलेलीही आठवत नाही!

तिनं कॅटलॉग उघडला. "आजी, मी काढली. बेल वाजवता यावी म्हणून."

आजी आत वळून ओरडल्या, "अरे, बाहेर ये! मी नव्हते रे! ही होती, ही!" आणि तिचे दोन्ही हात धरले. "भलं होवो तुझं, पोरी."

शिव्या चालल्या असत्या तिला. हे नको होतं.

मुलगा आला. तिनं ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "तक्रार करा, दादा. पण यांना नेऊ नका."

त्यानं नंबर लिहून घेतला. मग एकेक बॅग उचलून आत नेली.

"पाटी तूच लाव," आजी म्हणाल्या. "सरळ लाव हं."

तिनं लावली. पण गोंद सुकला होता, एक कोपरा राहीचना. ती तो अंगठ्याने दाबून तिथेच उभी राहिली.