पिवळ्या रेषेपलीकडचा सोनबा

मित्रांनो, चिखलीच्या बाजूला भंगाराचं एक मोठं आवार आहे. तिथे मोडक्या सायकली आणि गंजके पत्रे यांच्या मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढा एक काळा, जाडजूड लोखंडी तवा पालथा पडलेला दिसेल. तो मी. मी एक जुना विद्युतचुंबक आहे.

तुमच्या घरी फ्रिजच्या दारावर चिकटलेला चुंबक हा माझा लांबचा भाऊ. त्याचं चुंबकत्व त्याच्या अंगातच असतं, कोणाला हवं असो वा नसो. माझं तसं नाही. माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली होती. तिच्यातून वीज वाहिली तरच मी चुंबक. वीज बंद केली की मी नुसता लोखंडाचा ठोकळा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं सगळं दुःख हिच्यात आहे.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमध्ये झाला. गिरजाबाई नावाच्या बाईंनी ती तार, म्हणजे माझी कॉइल, गुंडाळली. वीज वाहणाऱ्या कुठल्याही तारेभोवती चुंबकत्व तयार होतं. पण एकट्या सरळ तारेचं बळ ते किती? जवळ होकायंत्र धरलं तर सुई जराशी हलेल, एवढंच. तीच तार गोल गोल गुंडाळली की एका वेढ्याचं बळ दुसऱ्यात मिसळत जातं, आणि मधे लोखंड बसवलं की मग विचारूच नका. गिरजाबाईंनी वीज आडवाटेने जाऊ नये म्हणून दर दोन वेढ्यांमध्ये कागद घालून, तार कुठेही सैल न सोडता मला घडवलं. चाचणीच्या दिवशी मी गाडीभर लोखंड एका दमात उचललं तेव्हा त्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "बाई गं! ह्ये माझ्या हातचं हाय व्हय?" मी तेव्हा इतका फुशारलो होतो की काय सांगू!

तिथून मला चाकणजवळच्या एका ओतकाम कारखान्यात आणलं. तिथे जुनं लोखंड भट्टीत वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओतायचे. मला क्रेनला साखळ्यांनी टांगलं. भंगाराच्या ढिगावर उतरायचं, वीज आली की लोखंड पोटाशी धरायचं, भट्टीपाशी जायचं, वीज गेली की सोडून द्यायचं, हे माझं काम. पितळ आणि ॲल्युमिनिअमकडे मी ढुंकूनही पाहत नसे. क्रेनच्या केबिनमध्ये लातूरकडचा रणजीत बसायचा. खाली उभं राहून त्याला हाताने इशारे करणारा खलाशी म्हणजे सोनबा.

सोनबा राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावचा. थोडी शेती, दोन म्हशी आणि ही नोकरी. उंचीने बेताचा, पण आवाज असा की भट्टीचा घोंगाटसुद्धा मागे पडावा. पहिल्याच दिवशी त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ह्यो तर पैलवान हाय!" तेच माझं नाव पडलं.

मित्रांनो, वीज बंद झाली तरी माझ्या लोखंडात नावापुरतं चुंबकत्व रेंगाळतं. त्यामुळे लोखंडाचा बारीक कीस माझ्या तोंडाला चिकटून राहतो. त्याने कोणाचं काही बिघडत नाही, पण सोनबाला ते खपत नसे. रोज शिफ्ट सुरू होताना मला दोन ओंडक्यांवर टेकवायचे. वीज बंद आहे याची खात्री करून तो खाली वाकायचा, ब्रशने आणि चिंध्यांनी माझं तोंड लखलखीत पुसायचा, आणि मग पाठीवर थाप मारायचा. "चल पैलवान, कुस्तीला." वरून रणजीत हसायचा. "काका, त्याला पावडर बी लावा की!"

"लावीन की. तुज्यापरीस देखणा हाय."

अशी वर्षं गेली. मी लाखो किलो लोखंड उचललं असेल. साहेब लोक पाहुण्यांना मला दाखवायला आणायचे. पण खरं सांगतो, मला त्या कौतुकाचं फारसं काही नव्हतं. सकाळची ती एक थाप मिळाली की माझा दिवस चांगला जायचा.

मग एकदा सोनबा बरेच दिवस आलाच नाही. परत आला तो वाळलेला, पण हसत. "पित्ताशयाचं आपरेशन झालं," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. माझं तोंड पुसलं, थाप मारली. थाप पूर्वीसारखी जोरकस नव्हती, डाव्या हाताऐवजी उजव्या हाताची होती. मला वाटलं, आजारातून उठलाय, येईल हळूहळू बळ.

खरी गोष्ट वेगळी होती. सोनबाचं हृदय मधेच अडखळायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या छातीत, डाव्या खांद्याच्या खाली, एक छोटंसं यंत्र बसवलं होतं. ते हृदयाला ठोक्याची आठवण करून देतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोठ्या चुंबकाजवळ जायचं नाही, त्याने यंत्राची लय बिघडते. हे ऐकताना त्याची बायको यशोदाबाई शेजारीच होती. सोनबाने तिला सांगितलं, "कंपनीनं मला गेटवर घातलंय. चुंबक लई लांब राहिला." आणि कंपनीत सांगितलं पित्ताशय. दोन्हीकडे खोटं, आणि दोन्ही माझ्यासाठी. मला सोडून गेटवर बसायची कल्पनाच त्याला सोसवेना.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. मी ढिगावर उतरलो. एक आडवी पट्टी मधे येत होती, ती सरकवायला सोनबा अगदी माझ्याजवळ आला. त्याने बोट वर केलं. रणजीतने बटण दाबलं, माझ्या तारेतून वीज धावली आणि मी नेहमीसारखा जोर लावला. सोनबाचा हात छातीकडे गेला. तो गुडघ्यावर बसला, मग कुशीवर कलंडला.

"काका! काय झालं काका?" रणजीतने घाबरून वीज तोडली. माझं चुंबकत्व त्याच क्षणी गेलं. थोड्या वेळाने सोनबाने डोळे उघडले. दवाखान्यात त्याचा सदरा काढला तेव्हा छातीवरचा उंचवटा सगळ्यांना दिसला.

मित्रांनो, मी कोणाला ढकललं नाही, पाडलं नाही. मी फक्त माझं काम केलं होतं. पण ज्या माणसाचा मला सगळ्यात जास्त लळा, त्यालाच माझ्या बळाने आडवं केलं. लोखंडाला रडता येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती जमिनीवर जाड पिवळी रेषा मारली गेली. फलक लागला: छातीत यंत्र असलेल्यांनी रेषा ओलांडू नये. सोनबाला खरोखरच गेटवर घातलं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन यायचा, रेषेच्या पलीकडे उकिडवा बसायचा आणि तिथूनच बोलायचा. "काय पैलवान, बरा हायस का? तोंड कोन धुतंय का न्हाई तुजं?"

कोणीच धूत नव्हतं. सोनबाच्या जागी आलेला नवा मुलगा मोबाइल बघत उभा राहायचा. माझ्या तोंडावर किसाची दाढी वाढत चालली होती. सोनबाला ती लांबून दिसायची आणि तो चडफडायचा. पण त्याने पुन्हा कधी रेषा ओलांडली नाही. यशोदाबाईने त्याला म्हशीच्या रेडकाची शपथ घातली होती, आणि ते रेडकू सोनबाचं फार लाडकं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. सगळं धुऊनपुसून घेतात, झेंडूचे हार घालतात, कामगारांची बायकामुलंही येतात. आणि मित्रांनो, त्या दिवशी वीज पूर्ण बंद असते. मुख्य स्विच खाली ओढून त्याला कुलूप लावतात. माझ्यात वीज नाही म्हणजे अपाय करेल एवढं चुंबकत्व नाही. एरवी बटण कधी दाबलं जाईल याचा नेम नसे, म्हणून वर्षातून तो एकच दिवस असा होता, की सोनबा निर्धास्तपणे माझ्यापाशी येऊ शकला असता. मी आठवडाभर त्याच दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो.

तो आला. धुतलेलं धोतर, हातात हळदकुंकवाचं ताट. मागे यशोदाबाई. रेषेशी आल्यावर तिने त्याचा दंड धरला.

"अवं, हितनंच हात जोडा."

"आज लाइट बंद हाय गं. काय हुत न्हाई. ह्या रणजीतला इचार."

रणजीत पुढे आला. "काकू, कुलूप घातलंय स्विचला. चावी बघा माझ्यापाशी हाय. डॉक्टरला बी इचारलंय काकांनी, बंद असल्यावर चालतंय म्हनले. हे बघा." त्याने खिशातून एक मोठा बोल्ट काढला, मला टेकवला आणि सोडला. बोल्ट खणकन खाली पडला. "बघितलाव? चिकटला का?"

यशोदाबाई वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने बोट दाखवलं.

"मंग ह्ये काय चिकटलंय?"

लोखंडाचा कीस. सणासाठी धुतलं तेही वरवर, म्हणून न पुसलेला, काटे उभे राहिलेला कीस.

"काकू, ते लई बारीक असतंय, त्याचं काय नसतंय..." रणजीत म्हणाला. पण बोलता बोलता त्याचाच आवाज पडला.

"तुमी तिगंबी एकाच माळेचं मनी," ती म्हणाली. तिघांमध्ये तिने मलाही धरलं होतं. "गेटवर हाय म्हनलं, म्या इस्वास ठिवला. रोज सकाळी भाकरी बांधून दिली आन तुमी ह्याच्याच पुढ्यात जाऊन हुबं ऱ्हायला. आता खरं बोलत असाल बी. पर मला कसं कळावं?"

मी ओरडून सांगणार होतो, बाई, सोनबा आज खरं बोलतोय! तो रोज पुसायचा तेव्हा हा कीस नव्हता, त्याला यायची बंदी झाली म्हणून हा साचलाय! पण माझं कोण ऐकणार?

तिने त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि एकटी रेषा ओलांडून आली. माझ्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं, हार घातला. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाली, "तुज्यावर राग न्हाई माजा. लई केलंस आमच्या घरासाठी. पर आता त्येंला वढू नगंस रं बाबा. मला एकलाच हाय त्यो."

मी आयुष्यभर ओढण्याचंच काम केलं. तिला काय सांगणार होतो? सोनबा रेषेपलीकडे हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग ती त्याला घेऊन गेली.

पुढच्या खंडेनवमीच्या आत सोनबा निवृत्त होऊन गावी गेला. माझ्या कॉइलमध्ये ओल शिरली, बळ कमी झालं. नवा चुंबक आला, निळ्या रंगाचा, दिसायला बरा. मला कुंपणाच्या भिंतीशी टाकून दिलं. पावसाळे गेले. अंगावर वेल चढले. शेवटी लिलावात मला या भंगारवाल्याने घेतलं.

आज सकाळी त्याच्या माणसांनी माझी पाठ उघडली आणि गिरजाबाईंची कॉइल बाहेर ओढली. तांब्याला भाव असतो. लोखंड उद्या कापतील.

दुपारी रणजीत आला. त्याला कोणाकडून तरी कळलं होतं. तो आता मोठा झालाय, केस पांढरे व्हायला लागलेत. त्याने मला पाहिलं आणि लगेच सोनबाला स्पीकरवर फोन लावला.

"काका, पैलवान इथं चिखलीत हाय. त्याची कॉइल काढली आज. आता ह्याच्यात कवाच वीज येत नसते. काकूला बी सांगा. मी गाडी घेऊन येतो, चला बघायला."

फोनमधून, सोनबाच्या मागून, यशोदाबाईचा आवाज आला. "जावा की. आता म्या न्हाई अडवत."

माझ्या मनात काय झालं, ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी! आता ना वीज, ना रेषा, ना शपथ. आता तो येणार.

सोनबा म्हणाला, "कॉइल काढली म्हंतूस?"

"व्हय काका."

"मंग आता तितं कोन हाय रं? लोखंड हाय नुसतं." त्याचा तो मोठा आवाज चिरकला. "पोट फाडलेला न्हाई बगवायचा मला त्यो. मी न्हाई येत. तू माज्या नावानं हात लाव त्येला."

मित्रांनो, डॉक्टरांनी ज्याच्यापासून लांब राहायला सांगितलं असेल, त्याच्यापासून लांबच राहा. सोनबासारखं लपवू नका. पण केव्हा जवळ जायला हरकत नाही, हेही त्याच डॉक्टरांना विचारा, आणि घरच्यांना बरोबर नेऊन त्यांच्यासमोर विचारा. आपल्या माणसांना एकदा फसवलं, की मग आपलं खरंही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि तुमच्यासाठी राबणाऱ्या यंत्राचं तोंड रोज पुसत जा. तेवढ्या एका पुसण्यावाचून आमची भेट राहिली.

जाण्याआधी रणजीतने सोनबाच्या नावाने माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. हात मायेचा होता, पण तो सोनबाचा नव्हता.