दुसरं यंत्र

अनुक्रमणिकेत चार लाख अठरा हजार दोनशे सहा नोंदी होत्या. रुग्णालयातला जुना स्कॅन कुठल्या टेपवर गेला, त्याचा पत्ता प्रत्येक नोंदीत होता. नोंदीत दोन हजार चाळीस अक्षरं मावत, आणि नऊ नोंदी काठोकाठ भरल्या होत्या. त्या ओसंडण्याआधी लांबी वाढवायची होती.

त्यासाठी स्कॅन टेपवर टाकणारी दोन्ही यंत्रं थांबवायची, अनुक्रमणिकेची प्रत काढायची, मोठ्या मापाची नवी आखून तीत प्रत भरायची, नोंदी मोजायच्या. वहिनींनी हे पूर्वी केलं होतं. त्यांचं एकच पथ्य होतं: दुसरं यंत्र थांबलं असं कुणीही सांगो, शेजारच्या खोलीत जाऊन त्याचा पडदा स्वतः बघायचा.

विभागप्रमुख त्यांचा धाकटा दीर, म्हणून सगळा विभाग त्यांना वहिनी म्हणायचा. नोकरी त्यानंच लावली, असं घरी सगळे सांगत. खरं तर त्या त्याच्या आधीपासून तिथे होत्या.

"भाऊजी, दुसरं थांबलं?"

"थांबवलं. करा सुरू."

वहिनी उठल्या.

"आता कुठे?"

"एकदा बघून येते."

तो टेपवाल्याकडे वळला. "घरीही असंच. मी चहात साखर घातली म्हटलं तरी ह्या चाखून बघणार."

"चाखलेलं बरं साहेब," टेपवाला म्हणाला. "तुम्ही मीठ घालायचात."

हशा पिकला. दीर हसला नाही. "जा, वहिनी. चारचौघांत माझा शब्द तपासून या. मग आईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

दोघा भावांचा अबोला सासूबाईंनी नुकताच कसाबसा मिटवला होता. वहिनी खाली बसल्या.

प्रत निघाली, नवी अनुक्रमणिका भरली, आकडा जुळला. "जुनी कशाला ठेवता? जागा अडते," म्हणत दिरानं जुनी स्वतःच पुसली.

थांबण्याचा आदेश त्यानं खरंच दिला होता. पण हातातलं काम संपल्याशिवाय यंत्र थांबत नाही, आणि ते थांबलं का हे त्यानं पाहिलं नव्हतं. प्रत निघाल्यावरही ते स्कॅन टेपवर टाकून डिस्कवरून पुसत होतं, आणि पत्ते जुन्या अनुक्रमणिकेत लिहीत होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. "जुना स्कॅन सापडतच नाही. मागच्या वेळी गाठ केवढी होती? वाढली की कमी झाली, हे मी कशाशी ताडून सांगू?"

रात्री जेवताना दीर म्हणाला, "मी थांबवलं होतं. वहिनी नेहमी बघतात, नेमकं तेव्हाच बघितलं नाही."

"तू का नाही गेलीस?" नवऱ्यानं विचारलं.

"भाऊजींना वाईट वाटलं असतं."

"आता त्याच्यावर ढकलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "भाजी वाढ त्याला."

वहिनींनी भाजी वाढली.

नव्या अनुक्रमणिकेच्या लेखी दुसऱ्या यंत्रानं भरलेल्या टेपा कोऱ्या होत्या, त्यामुळे काहींवर तोवर नवे स्कॅन चढले होते. वहिनी आणि टेपवाल्यानं एकेक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. प्रत निघाल्यानंतर दुसऱ्या यंत्रानं दोनशे चार स्कॅन टेपवर टाकले होते. एकशे त्रेचाळीस मिळाले.