काकीची फाडलेली पानं

मी एक जुनी फुलस्केप वही आहे. जुनी म्हणजे जेमतेम चार महिन्यांची. पण दोनशे पानांची वही एकशे बत्तीस पानांवर आली की तिला जुनीच म्हणायचं. कोपरखैरण्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी सुखात होते. तिथून रंजिताने मला उचललं आणि माझे ग्रह फिरले.

मित्रांनो, रंजिता कथा लिहिते. विषय घरचाच: तिची आई जमुना आणि वरच्या मजल्यावरची काकी मालतीबाई यांचं भांडण. रंजिताच्या बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण आईने सगळ्या गावठाणात घरोघरी जाऊन, अक्षता देऊन केलं. सख्ख्या जावेला मात्र मोबाइलवर पत्रिका पाठवली. घरचीच तर आहे, असं तिचं म्हणणं. काकी हळदीला आली नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

आता एवढं सगळं हाताशी असताना या मुलीने काय लिहावं? 'काकी कुत्सित हसली.' पहिल्या पानावर कुत्सित, तिसऱ्यावर कुत्सित, असं चौदा वेळा. आणि आई जिथे तिथे पदराने डोळे टिपते. अरे, आई घरात गाऊन घालते, पदर आणायचा कुठून? मी वैतागले, पण वहीचं ऐकतो कोण. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा दोनदा परत पाठवली. 'काकी खोटी वाटते. आता एकदाच पाठवा,' एवढाच शेरा. रंजिताने राग माझ्यावर काढला, पानंच्या पानं फाडली. चूक तिची, पानं माझी.

एका दुपारी ती मला जिन्यात विसरली. काकीने मला उचललं आणि पायरीवर बसून अख्खी वाचली. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं. रंजिता शोधत आली तेव्हा काकी एवढंच म्हणाली, "वाईट दाव मना, चालंल. पन हलदीला मी नवी साडी नेसून हितपर्यंत आलेली, ता लिव. तुज्या आयशीनं पायलं. एक हाक मारली असती, त उतरले असते."

रंजिताने आईला विचारलं. आई कोलंबी सोलत होती. हातातली कोलंबी सोलून तिने पातेल्यात टाकली. मग म्हणाली, "दिसलेली. मना वाटलं, येल आपली आपन. मीच कनाला वाकू?"

त्या संध्याकाळी माझ्यावर पहिल्यांदा खरं काही उतरलं. अर्ध्या जिन्यात थांबलेली काकी आणि तिच्याकडे पाठ फिरवलेली आई. कुत्सित कोणीच हसलं नाही. मला दोघींचा राग आला आणि दोघींसाठी वाईटही वाटलं. पण आई वाचेल या भीतीने रंजिताने तेही पान मुठीत धरलं.

मागे उभं राहून वाचणाऱ्या आईने तिचं मनगट पकडलं. "राहू दे. नाय त परत कायतरी खोटं लिवशील."

तर मित्रांनो, वह्यांची पानं फाडू नका. नातेवाइकांवर लिहायचंच असेल तर आधी त्यांना विचारा, नुसती विशेषणं चिकटवू नका. माझी अडुसष्ट पानं काही परत येणार नाहीत. ते एक पान मात्र शाबूत आहे. त्याच संध्याकाळी आईने हात धुतले, वाटीत अक्षता घेतल्या आणि मला काखेत मारून ती जिना चढली.

"आता कसलं आमंत्रण?" काकीने दारातूनच विचारलं. "लगीन होऊन सा महिने झाले."

"कोलंबी केलीय," आई म्हणाली. "जेवायला ये."