लेकीच्या नावाने आलेला मेल

"हात काढ! माउसवरचा हात काढ आधी!"

दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती दुकानात घुसली आणि कापडांच्या ढिगावरून झेप घेत कॉम्प्युटरपाशी पोहोचली. आईने दातांत धरलेली टाचणी काढली.

"अगं, भूत लागलंय का मागे?"

"माझा पासवर्ड चोरलाय कुणीतरी! माझ्या नावाने सगळ्यांना मेल गेलेत. खाली लिंक आहे, 'फोटो बघ' म्हणून. दाबलीस ना?"

आई शिंपीण. गिऱ्हाइकांची बारा वर्षांची मापं, कोटांचे नमुने, सगळं तिच्या त्या एका मेलमध्ये. तो हातचा गेला तर दुकानाला टाळंच. आणि आईचा लौकिक असा, की दिसली लिंक की दाबायची. मागच्या महिन्यात 'तुम्हाला शिलाई मशीन बक्षीस लागलंय' असं वाचून तिने पत्ता, फोन, जन्मतारीख सगळं इमानेइतबारे भरून दिलं होतं. वर 'आभारी आहे' असंही लिहिलं होतं! तेव्हा लेकीने तासभर व्याख्यान झोडलं. आई मान डोलवत काजं करत बसली होती.

"मावशीने दाबली. पासवर्डही लिहून दिला, आणि म्हणे कॉलेजात शिकवते! काकाने दाबली. म्हणजे तू तर..."

"मी नाही दाबली."

"आई, खरं सांग. मी ओरडणार नाही."

"ओरडतेच आहेस. नाही दाबली म्हटलं ना."

तिने सगळं उघडून तपासलं. मापं जागच्या जागी होती. जीव भांड्यात पडला, आणि लगेच छाती फुगली. व्याख्यान फुकट गेलं नव्हतं तर!

"शाब्बास! पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचलास ना, मी सांगितलं होतं तसा?"

"पत्ता तुझाच होता की."

"मग ओळखलंस कसं?"

आईने सुईत दोरा ओवला. "त्यात लिहिलं होतं, 'कशी आहेस? खूप काम असतं ना तुला? दमत असशील.' म्हटलं, ही काही आपली नव्हे."

ती हसायला गेली. हसू आलं नाही. मेल अजून तिथेच होता, उघडून वाचलेला.

"मग लगेच काढून का नाही टाकलास?"

"राहू दे," मशीनचं चाक हाताने फिरवत आई म्हणाली. "कुठे जागा अडवतोय."