दोऱ्याची गोळी

गोळी पुन्हा रिकामी आली. धाकटीने ती चिमट्यात धरून दिव्याखाली उलटीसुलटी फिरवली, भोकात डोकावून पाहिलं आणि ट्रेमध्ये अशी आपटली की पलंगावर तोंड पुसत बसलेली ताई दचकली.

"काही नाही आलं?" ताईने विचारलं. घसा खरवडल्यामुळे तिचा आवाज फाटला होता.

"आलंय ना. थुंकी."

या गोळीपायी धाकटीच्या नाकी नऊ आले होते. कागदावर आकृती काढण्यापासून आतलं इवलंसं पातं घासण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. आतड्याचा आजार पक्का करायचा तर अस्तराचा कणभर तुकडा काढावा लागतो आणि त्यासाठी घशातून जाडजूड नळी घालतात. त्याऐवजी पोकळ दोऱ्याला बांधलेली गोळी गिळायची. ती आतड्यात पोचली की बाहेरून पिचकारीने हवा ओढायची, अस्तर भोकात खेचलं जातं, पातं फिरतं आणि तुकडा घेऊन गोळी दोऱ्यावरून परत. टेबलावर ही गोळी गुणी बाळ होती, पोटात गेली की तिच्या अंगात यायचं. कधी पातं अडकायचं, तर कधी तुकडा एवढासा निघायचा की सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या बाई फोन करून विचारायच्या, "अहो, काचेवर काही ठेवलंय, की नुसती काचच पाठवलीय?"

चाचणी होती नळीला ठाम नकार देणाऱ्यांसाठी, आणि गोम तिथेच होती. नळीला घाबरणारी माणसं दोऱ्यालाही घाबरतात. एक गृहस्थ तर दोरा बघताच, "मी काय मासा आहे का गळाला लावायला?" म्हणाले आणि चालते झाले. उरली ताई. "नळीचं नाव काढलं तरी मला धडकी भरते," ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली होती, "आमच्या छकूची गोळी मात्र गिळीन." सख्खी बहीण म्हणून त्यांनी आढेवेढे घेतले, दोघींना वेगवेगळं विचारलं आणि मगच सही घेतली.

ताईचं दुखणं मात्र खरं होतं. रक्तावरून गव्हाचा संशय होता. गहू पोटात गेला की तिचं आतडं आतून झिजत असावं. पण तुकड्याशिवाय खात्री नाही, आणि तुकड्यात झीज दिसायची तर तोवर गहू सुरूच हवा. बंद केला की अस्तर भरून येतं आणि तपासणीत काही सापडत नाही. म्हणून ताई रोज पाव खात होती आणि रोज भोगत होती. अंगठी बोटातून गळायला लागली तेव्हा तिने ती साखळीत ओवून गळ्यात घातली.

"पात्याचा कोन बदलते," धाकटी म्हणाली. "आता शेवटचं, ताई."

"मागच्या वेळीही शेवटचंच होतं की." ताई हसली. "बदल बाई. मी कुठे पळून चाललेय?"

संध्याकाळी धाकटीने तिला घरी सोडलं. ताई आल्या आल्या न्हाणीघरात गेली आणि बाहेर येईना. आतून ओकाऱ्यांचा आवाज येत होता. भावोजी स्वयंपाकघरात टोस्ट भाजत होते.

"अजून किती दिवस गं?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

धाकटी आधीच वैतागलेली. "मला काय विचारता? नळी घातली असती तर केव्हाच निकाल लागला असता. तिला भीती वाटते, त्याला मी काय करू?"

"भीती?" भावोजी वळले. "हिला अल्सर झाला तेव्हा नळी घातलीच होती की. तू तेव्हा बाहेर शिकत होतीस. भूलसुद्धा नको म्हणाली. बाहेर आली आणि म्हणते, चहा पाजा."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई भिंत धरत बाहेर आली तशी ती उभीच राहिली.

"खोटं बोललीस तू."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. "पोटात काही राहत नाही ना तुमच्या?"

"का बोललीस?"

"माणसं मिळेनात तुला. चाचणी गुंडाळतील म्हणून याच खुर्चीत बसून रडत होतीस. मला तुकडा द्यायचाच होता, तुझ्या गोळीला दिला तर बिघडलं काय?"

"काय बिघडलं? आरशात बघ जरा!"

पण आरशात बघायची गरज धाकटीलाच होती. ताईच्या गळ्यातली अंगठी तिने दर खेपेला पाहिली होती, आणि दर खेपेला विचार केला होता तो पात्याचा. तिला ताईचा राग आला, गोळीचा आला आणि स्वतःचा तर इतका आला की ती फोन घेऊन तडक बाहेर गेली.

तिने मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ताईचं नाव काढा, नळी घाला. त्यांनी दोघींना फैलावर घेतलं आणि परवा सकाळची वेळ दिली. "तोवर गहू बंद करू नका. नाहीतर सगळंच पाण्यात जाईल."

ती आत आली तेव्हा ताई ताटलीपुढे बसली होती. धाकटीने ताटली खसकन ओढली आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. टोस्ट अजून गरम होता. ती तशीच उभी राहिली, मग झाकण लावून परत आली आणि ताटली होती तिथे ठेवली.

रोज फोन ठेवताना ती सहज म्हणायची, "पाव चालू ठेव हं." आज ते तिच्या तोंडून निघेना. तिने लोण्याचा डबा जवळ ओढला आणि ताईच्या टोस्टला, अगदी कडेपर्यंत, लोणी लावायला घेतलं.