एका डोंगरापुरता कस्तूर

मी कस्तूर बोलतोय. झुडपाखालचा पालापाचोळा उलथापालथा करून किडे टिपणारा एक पक्षी तुम्ही पाहिला असेल, त्याच घराण्यातला मी. पण आता माझ्या पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी आणि उशाशी डांबराच्या गोळ्या. संग्रहालयाच्या खणात मी उताणा पडून असतो.

जिवंत होतो तेव्हा मी करडा होतो. एका डोंगरावर कुणा शिकाऱ्याने मला पकडलं, सोलून-वाळवून इथे पाठवलं. नंतर कित्येक वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पडल्या पडल्या माझी पिसं तांबूस होत गेली. म्हातारपणी माणसं पांढरी होतात, आम्ही तांबूस होतो, एवढंच.

मग मामा आले. मामा म्हणजे इथले पक्षितज्ज्ञ. त्यांची सख्खी भाची हाताखाली काम करते, म्हणून ते सगळ्यांचेच मामा. त्यांनी मला सपाटीवरच्या ताज्या, करड्या कस्तुरांशेजारी ठेवलं आणि टाळीच वाजवली. "हा तांबूस! अरे, ही जातच वेगळी!" अहो, मी त्यांच्यातलाच, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण कापसाला कंठ कुठला?

नव्या जातीला मामांनी मामींचं नाव दिलं. पुस्तकांत नकाशे छापले गेले. करड्या कस्तुराचा मुलूख डोंगरांपासून समुद्रापर्यंत, आणि माझा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका. दर उन्हाळ्यात नवरा-बायको दुर्बिणी घेऊन त्या ठिपक्यावर जात. करडे कस्तूर पुष्कळ दिसत, तांबूस एकही नाही. "माझा पक्षी लाजाळू आहे," मामी म्हणत. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कौतुकाने माझा फोटो दाखवत.

परवा भाचीने त्याच डोंगरावरून, खिडकीच्या काचेवर आपटून मेलेला एक कस्तूर आणला. तो करडा निघाला आणि तिला शंका आली. तिने माझ्याइतकेच जुने, चिठ्ठीवर 'करडा' म्हणून नोंदलेले सगळे कस्तूर खणांतून काढून माझ्याशेजारी मांडले. सगळेच तांबूस! माझ्या तळपायाची कपची कापून तपासायला पाठवली, तिकडूनही तेच उत्तर आलं.

"मामा, हा रंग जातीचा नाही, वयाचा आहे," ती हळूच म्हणाली.

मामांनी मला उचलून रांगेतल्या एकेकाशेजारी धरून पाहिलं. "जुना जुन्याशी ताडून बघायचा, हे मीच तुला शिकवलं गं. चूक झाली, तसं मी छापेन. पण तुझ्या मामीला कोणत्या तोंडाने सांगू?"

दुसऱ्या दिवशी ते मामींना घेऊन आले आणि आमची रांग दाखवली. मामींना एका नजरेत कळलं.

"म्हणजे माझं नाव खोडणार?"

"खोडत नाहीत. करड्याच्या जुन्या नावाखाली बारीक अक्षरांत राहतं, कायमचं."

"मग लग्नात तरी वेगळं काय झालं होतं?" मामी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "या उन्हाळ्यातही जायचं हं डोंगरावर."

"आता काय शोधायला?"

"शोधायला नाही, बघायला. अहो, इतकी वर्षं ते समोर नाचत होते, आणि आपण 'हा नव्हे, हा नव्हे' म्हणत पुढे जात होतो."

आता मी करड्यांच्या खणात, भाऊबंदांत आहे. नकाशावरचा माझा ठिपका जाईल, त्याचं मला दुःख नाही. फक्त एक सांगणं आहे. मामी, डोंगरावर एखादा करडा कस्तूर शीळ घालू लागला, तर ती पुरती ऐकून घ्या. तुमचा पक्षी तोच.