अनिताचं उत्तर

तेजश्री न्हावऱ्याला पोचली तेव्हा आक्काबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सून अनिता लग्नाला गेलीय म्हणून सांगितलं. महिन्यापूर्वीच्या खेपेलाही ती कुठल्याशा लग्नालाच गेली होती. तेजश्री मनातल्या मनात चरफडली. लग्नानंतर माणसाचं आयुष्य कसकसं बदलतं, यावर ती पुण्यात प्रबंध लिहीत होती. त्यासाठी दरवर्षी त्याच माणसांना गाठायचं, तेच प्रश्न विचारायचे. घर सोडून जाणारी अभ्यासातून गळत आणि मागं राहिलेली सगळी म्हणे सुखी. यातून काय डोंबल निष्कर्ष काढायचा?

तिला फाट्यापर्यंत सोडायला अनिताचा नवरा भारत आला. गाडीवरून उतरल्यावर, खाली बघत तो म्हणाला, "लग्न नाय न् काय नाय. दिवाळीपसनं निमोण्याला हाय ती, माहेरी."

उन्हाचं जीपमध्ये कोंबून घेत तेजश्री निमोण्याला गेली. अनिता शेवंती तोडत होती. हिला बघताच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

संसारात किती समाधानी, एक ते पाच यांतलं सांगायचं, असा प्रश्न होता. आजवर अनिता पाच सांगत आली होती.

"नवरा शेजारी, सासू उंबऱ्यात. त्येंच्या म्होरं काय सांगणार व्हते मी?" ती म्हणाली. "तुमाला कळत नव्हतं व्हय?"

कळत होतं. तेजश्री दरवेळी आक्काबाईंना बाहेर बसायला सांगे आणि दरवेळी त्या चहा घेऊन परत येत.

आधीचे पाच खोडा, असं अनिताचं म्हणणं पडलं. जुनं उत्तर बदलता येत नाही म्हटल्यावर ती पाठ फिरवून फुलं तोडायला लागली. तेजश्रीही मुकाट्यानं तोडू लागली. सरी संपली तेव्हा अनिता आपणहून बोलली. नवरा वाईट न्हाई, हात उचलत न्हाई, पर त्या घरात आपल्याला कुणी काही विचारतच न्हाई.

"एक लिवा. आन् हितलं म्हणाल तर दोन. भावजय टाकून बोलती."

परतताना भारतचा फोन आला. ती काय म्हणाली, हे त्याला हवं होतं.

"ते मला सांगता येत नाही. तुम्हीच विचारा तिला."

"काय इचारू?"

तेजश्रीनं कपाळावर हात मारला. मग वैतागूनच तिनं त्याला आपला प्रश्न सांगितला आणि आईला बरोबर नेऊ नका, असंही बजावलं. तो बरं म्हणाला. तो गेला की नाही, हे तिला पुढच्या वर्षीच कळणार होतं.